डेअरी ते मारुती, चोवीस घरं

तन्मयला गालगुंड झाले हे कळलं तेव्हा मला आधी हसू आलं, हे कबूल करतो. गाल फुगवून वाजवणाऱ्या पोराचे गाल आपोआप फुगावेत, याला काय म्हणायचं? पण आमची हर्षाली फोन हातात धरून ओट्यावर मटकन बसली आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

हर्षाली माझी मुलगी. पुण्याला विद्यापीठात संगीत शिकते, एम.ए.चं शेवटचं वर्ष. वाद्य ट्रंपेट. ते आठव्या वर्षी मीच तिच्या हातात दिलं, त्यामुळे पुढं जे काही झालं त्यात निम्मा दोष माझा, असं तिची आई हिरा म्हणते. मधे ती अवसरीच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजात होती. दुसऱ्या वर्षाला ती सीट सोडून संगीताकडे गेली. सरकारी सीट! तेव्हापासून आमच्या वारूळवाडीतला दादाभाऊ गिरणीवाला मला दळण देताना न चुकता विचारतो, "जालिंदर, पोरगी इंजिनेर व्हनार व्हती ना रं?" माणसाला दुसऱ्याच्या घरातली एवढी काळजी बरी नव्हे.

मी जालिंदर. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवतोय. पोटाशी धरायचा, वर तोंड उघडं असलेला तो मोठा पितळी बाजा. माझे वडील धर्माजी मेंढरांमागं फिरताना पावा वाजवायचे. मी बाजा घेऊन नवरदेवामागं फिरलो. घराण्यात चालत फुंकणं आहे एवढं खरं. नारायणगावापासून घोडेगावापर्यंत कुठल्याही मांडवात विचारा, जालिंदरचा बाजा कसा वाजतो ते लोक सांगतील. मी स्वतः कशाला सांगू?

तर हर्षालीची परीक्षा. पाच जणांनी मिळून फुंकायची वाद्यं वाजवायची. समोर काठी हलवणारा कोणी नाही, ढोल नाही, ताशा नाही. एकमेकांचं ऐकायचं आणि वाजवायचं. अर्धा तास, खुर्चीवर बसून, लोकांसमोर. आणि यंदा संगीत विभागानं टूम काढली होती की हा कार्यक्रम पुण्यात न करता एखाद्या विद्यार्थ्याच्या तालुक्यात करायचा. चिठ्ठी हर्षालीच्या नावाची निघाली. जुन्नरला एका शाळेचं सभागृह मिळालं, परीक्षक डिमेलो मॅडम यांची तारीख मिळाली, आणि सहा दिवस उरलेले असताना खालचे सूर सांभाळणारा तन्मय गाल सुजवून घरी बसला. त्याच्या मार्कांचं विभाग पुढं बघणार होता, पण बाकी चौघांना पाचवा माणूस पाहिजेच होता. चार जणांची परीक्षा होत नाही. परीक्षा नाही तर डिग्री नाही. आणि जूनपासून पुण्यातल्या एका शाळेनं हर्षालीला मुलांना वाद्यं शिकवायची नोकरी कबूल केली होती, ती डिग्रीचा कागद हातात असेल तरच.

"आता कोण मिळणार सहा दिवसांत?" ती म्हणाली.

मी नुसता खाकरलो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात आनंद नव्हता, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

मॅडमना फोन झाला. त्या म्हणाल्या, बदली माणूस चालेल, त्याला मार्क नाहीत. पण कागदावर लिहिलंय तेवढंच वाजवायचं, एक सूर जास्त नको आणि एक कमी नको.

दुसऱ्या दिवशी बाकीची तीन पोरं सामान घेऊन आमच्याकडेच राहायला आली. अश्विनी क्लॅरोनेटवाली, ती घोडेगावची, म्हणजे आपल्यातलीच. केदार आणि जोएल पुण्याचे, एकाकडे ट्रॉम्बोन आणि एकाकडे हॉर्न. आमच्या बँडचा लाइटचा गाडा ज्या खोलीत उभा असतो तिथं पाच खुर्च्या टाकून तालीम सुरू झाली.

सुरांचा कागद मला वाचता येत नाही. पण हर्षालीनं माझी ओळ ट्रंपेटवर एकदा वाजवली, दुसऱ्यांदा मी तिच्याबरोबर वाजवली, तिसऱ्यांदा मी एकट्यानं वाजवली. चार भाग होते. दोन दिवसांत चारही माझ्या तोंडात बसले. केदार तोंड उघडं टाकून बघत होता. म्हणाला, "काका, तन्मयला यासाठी दोन महिने लागले."

"त्यो शिकून वाजवतो," मी म्हणालो. "आमी वाजवून शिकलो."

इथवर सगळं छान होतं. घोळ झाला तो गप्प बसण्याचा.

त्या कागदावर उभ्या रेघा मारून चौकोन केलेले असतात. मी त्यांना घरं म्हणायचो. एका घरात चार मात्रा. त्यातली काही घरं माझ्यासाठी रिकामी होती. म्हणजे बाकीच्यांनी वाजवायचं आणि मी बाजा मांडीवर घेऊन बसायचं. आता आमच्या धंद्यात हे बसत नाही. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. त्या परण्यात बँड गप्प झाला की घोडा थांबतो, घोडा थांबला की नाचणारे थांबतात, नाचणारे थांबले की त्यांना आठवतं की आपला मान राहिलाय, आणि मग भांडणं. म्हणून आमचे उस्ताद गेणभाऊ यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं: कुणाचा दम संपला, कुणाची पिपाणी अडकली, कुणी चपलेतला खडा काढायला वाकला, की दुसऱ्यानं ती गॅप भरायची. त्यासाठी त्यांनी एक छोटी चाल बांधलेली होती. कुठूनही सुरू करा, कुठेही सोडा, कशातही बसते. तीस वर्षांत मी ती चाल घालून किती जणांची गॅप भरली असेल याला गणती नाही. माझ्या बाजूला चालणारा माणूस कधी उघडा पडला नाही, हा माझा अभिमान आहे. दुसरा काही फारसा नाहीच.

तर पहिलं रिकामं घर आलं आणि मी गेणभाऊंची चाल घातली.

चौघं थांबले. "काका," केदार म्हणाला, "तिथं तुम्हाला रेस्ट आहे."

"रेस्ट कशाला? मी कुठं दमलोय?"

त्यांनी समजावलं. मी मान डोलावली. पुढचं रिकामं घर आलं आणि माझ्या ओठांनी मला न विचारता चाल घातली. असं दोन दिवस चाललं. मी ठरवायचो, की आता नाही. पण शेजारी अश्विनी एक सूर लांबवून श्वास घ्यायला थांबली की मला वाटायचं पोरगी अडकली, आणि मी धावून जायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी अश्विनी चहा गाळताना तीच चाल गुणगुणत होती. स्वतःच्या लक्षात आल्यावर तिनं गाळणं आपटलं. जोएल म्हणाला, "मला ती झोपेतपण ऐकू येते." ही तारीफ नव्हती.

त्या दुपारी हर्षालीचा तोल गेला. "पप्पा, गप्प बसणं हेसुद्धा वाजवणंच असतं! तुम्ही आमच्या मदतीला येऊ नका. कुणी अडकलेलं नाहीये. कुणी अडकलं तरी तुम्ही गप्प बसायचं!"

"कुनी अडकलं तरी?"

"तरीही."

हे मला फार लागलं. मी बाजा पेटीत ठेवला आणि जेवायला बसलो नाही. बापानं न जेवणं हे आमच्या घरात शेवटचं हत्यार आहे. हिरा भाकरी थापता थापता म्हणाली, "गप बसा म्हनून मी लग्नापासनं सांगतीया. त्याला पोरगी काय करनार?" मग पीठ झटकून हर्षालीला म्हणाली, "त्यांना बसून मोजता येत न्हाई. चालताना बरूबर मोजत्यात. किराणा आनायला धाडलं तरी पावलं मोजत जात्यात. विचार."

हे खरं आहे. मला सवय आहे. बँडवाल्याला लागते. कुठल्या वळणाला चाल बदलायची, कुठं जोर करायचा, हे पावलांवर बसलेलं असतं. दूध डेअरीपासून मारुतीच्या पायरीपर्यंत आमच्या बँडची शहाण्णव पावलं होतात. घाईत शहाण्णव, निवांत शहाण्णव.

हर्षाली उठली. "शहाण्णव म्हणजे चोवीस घरं," ती म्हणाली. "पप्पा, जेवा आणि चला."

तर पायात चपला घालून आम्ही पाचही जण रस्त्यावर. हर्षालीच्या मोबाइलमध्ये टिक टिक वाजणारं काहीतरी होतं, त्याच्या एका टिकेला एक पाऊल. पुढं मी गळ्यात बाजा अडकवून, मागं चार पोरं कागद घेऊन. वाजवत कोणीच नव्हतं. लोक दारात येऊन बघायला लागले. दादाभाऊ गिरणीतून पिठानं पांढरा होऊन बाहेर आला आणि म्हणाला, "बँड हाय आन् वाजत न्हाई? कोन गेलं रं?"

"तुजी अक्कल," मी म्हणालो. पण तीस वर्षांत त्या रस्त्यावरून मी न वाजवता बाजा घेऊन गेलो नव्हतो, आणि मलाही ते जरा अभद्रच वाटलं.

मात्र इलाज लागू पडला. प्रत्येक रिकाम्या जागेला अश्विनीनं माझ्या कागदावर मोठ्या अक्षरात पत्ता घातला. दोन घरं रिकामी असली की "गिरणीचा दरवाजा ते उंबराचं झाड". सहा घरं असली की "डेअरी ते लिंब". मी डोळे मिटायचे, मनातल्या मनात चालायचं, ठिकाण आलं की फुंकायचं. एकदाही चुकलो नाही. तिसऱ्या भागात सगळ्यात मोठी गॅप होती: डेअरी ते मारुती, अख्खी चोवीस घरं. तेवढा वेळ बाकीचे चौघं संथ काहीतरी वाजवत राहतात. मग चौघंही थांबतात आणि मी एकटा, खालून, मुख्य चाल सुरू करतो. मारुतीच्या पायरीशी पोचायचं आणि फुंकायचं. मला ते इतकं पटलं की कागद लिहिणारा परदेशी माणूस एखाद्या परण्यात जाऊन आला असावा असं वाटायला लागलं.

आदल्या संध्याकाळी हर्षालीनं माझ्याकडून बिरोबाची शपथ घेतली. लिहिलंय त्यापेक्षा एक सूर जास्त वाजवणार नाही. कुणी अडकलं तरी नाही. छत पडलं तरी नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी टेम्पोत सगळं सामान भरलं आणि निघालो, तर गिरणीसमोर टेम्पो थांबला. दादाभाऊनं रातोरात रस्त्याला आडवा चर खणला होता. गिरणीत पाण्याचा पाइप घ्यायचा म्हणे. कमरेइतका खोल, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी खाली उतरलो.

"दादाभाऊ, परवा इथनं माजा परण्या हाय. गाडा कसा न्यायचा?"

"उडी मारा की राव."

"मी मारीन. घोड्याला तू सांगशील का?"

"शाळंवरनं वळसा घाला. काय लई लांब न्हाई."

लई लांब न्हाई! लाइटचा गाडा, जनरेटर, घोडा, नवरदेव, करवल्या, सगळ्यांना घेऊन गिरणीपाशी डावीकडं वळायचं, शाळेसमोरून जायचं, मग दोनदा उजवीकडं वळून मारुती. माझं डोकं फिरलं. मी बरंच बोललो, ते इथं लिहीत नाही, कारण मुलं वाचतील. हर्षालीनं मला दंडाला धरून टेम्पोत बसवलं. टेम्पो शाळेवरून वळसा घालून निघाला. आणि कमाल बघा, दादाभाऊही त्याच टेम्पोत बसला. "पोरीचा कारेक्रम हाय, याया नको का?" हातात पिशवी, पिशवीत नारळ. मी जुन्नर येईपर्यंत त्याच्याकडे पाहिलं नाही, पण चर काही माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही.

सभागृह भरलेलं होतं. निम्मा आमचा बँड, निम्मे पाहुणे, आणि मधे टाय लावलेले दोन-तीन अनोळखी लोक. पहिल्या रांगेत डिमेलो मॅडम. पांढरे केस, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. त्यांच्या शेजारची खुर्ची दादाभाऊनं कशी पटकावली देव जाणे.

पहिला भाग झाला. माझी "डेअरी ते लिंब" बिनचूक. भाग संपला की मधे थोडी शांतता ठेवायची असते, टाळ्या वाजवायच्या नसतात. हे आम्हाला माहीत होतं. लोकांना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे स्टेजवर शांतता झाली याचा अर्थ एकच, आता सत्कार. दादाभाऊ नारळ घेऊन उठला. मागून कुणीतरी "शाल कुठाय, शाल?" म्हणालं. हर्षालीनं ट्रंपेट ओठाला लावून त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो नारळासकट खाली बसला. मॅडमनी पेन्सिलीनं काहीतरी टिपलं.

दुसरा भागही पार पडला. मग तिसरा.

मी माझा शेवटचा सूर सोडला आणि डोळे मिटले. डेअरी. निघालो. एक, दोन, तीन, चार. मागं चौघांचं वाजवणं संथ चाललेलं, बरोबर पावलावर. लिंबाचं झाड आलं, गेलं. दहा घरं. बारा घरं. उजवीकडं सायकलचं दुकान. पंधरा घरं झाली आणि गिरणी आली.

आणि गिरणीसमोर चर.

आता एकटा असतो तर मनातल्या मनात उडी मारली असती. पण मागं घोडा होता. गाडा होता. करवल्या होत्या. तीस वर्षांत बाजा घेऊन मी त्या रस्त्यानं एकटा कधी गेलोच नव्हतो. मी काय करणार? मी डावीकडं वळलो.

थोडं चाललो तशी शाळा आली. शाळेसमोर आमच्या बँडचा रिवाज आहे, आवाज खाली घ्यायचा, आत पोरं शिकत असतात. फाटक दिसलं आणि आवाज खाली गेला. गेणभाऊंची चाल सुरू झाली, अगदी हळू, आधी ट्रंपेट, मग क्लॅरोनेट, मग बाकीचे. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. शाळेसमोर आमचा बँड असाच वाजतो. फक्त इतका सुंदर वाजल्याचं आठवत नव्हतं. मी चालत राहिलो. शाळेची भिंत संपली, उजवीकडं वळलो. पुन्हा उजवीकडं. समोर मारुतीचा कळस दिसायला लागला तशी चाल अलगद उतरत गेली आणि मी पायरीशी पोचलो त्या पावलाला थांबली.

मी फुंकलं.

आयुष्यात तसा सूर माझ्या बाजातून निघाला नव्हता. पुढं निघेल असं वाटत नाही. तिसरा भाग संपला, चौथा संपला, आणि लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की दादाभाऊचा नारळ मांडीवरून घरंगळत स्टेजखाली गेला. मी उभा राहून तीनदा नमस्कार केला. एकही सूर जास्त नाही, एकही कमी नाही. बिरोबाची शपथ पाळली. मॅडमना आता काय बोलायला जागा, असं मनात म्हणत मी पाणी प्यायला गेलो.

परत आलो तर मॅडम स्टेजजवळ कागद घेऊन उभ्या, आणि समोर चार पोरं मान खाली घालून.

"तिसऱ्या भागात," मॅडम शांतपणे म्हणत होत्या, "चोवीस बारनंतर बेस एकटा सुरू करतो. तुम्ही मधे सोळा बार वाजवलेत, जे या कागदावर नाहीत. ते कुठून आले?"

माझ्या कपाळावर आठी आली. मी एवढी शपथ पाळायची आणि यांनी सोळा घरं घुसडायची? "कुनी चूक केली?" मी आवाज चढवला. "हर्षाली, मला शपथ घालतीस आन् सोता काय करतीस?"

केदारनं बुटाकडं पाहिलं. अश्विनीनं ओठ दाबून धरले.

हर्षाली माझ्याकडं वळली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पप्पा, तुम्ही शाळेवरून आलात ना?"

"मग? चर हाय की तिथं," मी म्हणालो.

"पंधरा घरं झाली, म्हणजे गिरणी, आणि तुमच्या बाजाचं तोंड डावीकडं झुकलं. मला कळलं, चर आला. शाळेवरचा वळसा म्हणजे सोळा घरं जास्त, लहानपणी तुमच्यामागं चालून पाठ झालंय. मी ह्यांना खुणावलं. तुमची चाल सगळ्यांना पाठच होती, दोन दिवस तेवढीच ऐकली होती. मग तुमच्या बाजाचं तोंड दोनदा उजवीकडं झुकेपर्यंत आम्ही वाजवत राहिलो."

मॅडमनी चष्मा काढला. "कसला चर?"

हर्षालीनं त्यांना सगळं सांगितलं, डेअरीपासून. लिंबाचं झाड, सायकलचं दुकान, पत्ते लिहिलेला माझा कागद दाखवला. मॅडमनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी विचारलं, "आणि हा चर कुणी खणला?"

आम्ही सगळ्यांनी दादाभाऊकडं पाहिलं. तो स्टेजखालून नारळ शोधून, झटकून, तो मॅडमच्या हातात देण्याच्या बेतात होता.

"गिरणीला पानी लागतं, मॅडम," तो म्हणाला.

मॅडमनी नारळ घेतला. मग पेन्सिलीनं कागदावर आकडे मांडत म्हणाल्या, "लिहिलेलं नसताना वाजवलं, त्याचे पाच मार्क गेले. त्याला माझा इलाज नाही, नियम आहे. पण एकमेकांचं ऐकून वाजवणं यासाठी वीस मार्क आहेत. इतक्या वर्षांत वीसपैकी वीस मी कुणाला दिले नव्हते." आणि कागद हर्षालीसमोर धरला. अश्विनीनं एकदम किंचाळून जोएलला मिठी मारली, आणि मग तो जोएल आहे हे लक्षात आल्यावर सोडून दिली. म्हणजे पोरं पास झाली होती, आणि चांगली पास झाली होती.

मी मात्र बाहेर येऊन टेम्पोच्या फाळक्यावर बसलो. थोड्या वेळानं हर्षाली आली.

"मला हलवायचं न्हाई का?" मी म्हणालो. "खोकायचं. लाथ घालायची खुर्चीला. तुजं वरीस गेलं असतं."

"मधेच हाक मारली असती तर तुम्ही चरात पडला असता."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही. घोडा, गाडा, सगळं घेऊन निघाला होता तुम्ही. मधे कसं थांबवणार? आणि गॅप पडू द्यायची नसते, हे मला कोणी शिकवलं?"

मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या गॅप भरल्या. दमेकऱ्यांच्या, दारू पिऊन आलेल्यांच्या, चपलेतला खडा काढणाऱ्यांच्या. माझी गॅप कुणी भरायची वेळ आली नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. आणि आली तेव्हा जिनं भरली तिला मी चारचौघांत चूक कुणाची म्हणून विचारलं होतं. मला रडू आलं. जुन्नरच्या बाजारात धूळ फार, असं मी तिला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि शेजारी बसून राहिली.

नंतर माणसं टेम्पोत चढायला लागली. दादाभाऊ माझ्याच बाजूला येऊन टेकला. पोरगी पास झाली म्हणून मी त्याला काही बोललो नाही. नारायणगाव आलं तेव्हा तोच म्हणाला, "जालिंदर, पोरगी इंजिनेर हाय का न्हाई ठाव न्हाई. पन हिशोब पक्का हाय तिचा." आणि दुसऱ्या दिवशी त्यानं चर बुजवला. पाइप टाकायच्या आधीच बुजवला, त्यामुळे पुन्हा खणावा लागला, ती गोष्ट निराळी.

हर्षाली जूनपासून पुण्यात शाळेतल्या पोरांना शिकवते. तो पत्ते लिहिलेला कागद मी बाजाच्या पेटीत झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. जायच्या आदल्या दिवशी तिनं त्यावर "डेअरी ते मारुती, चोवीस घरं" या ओळीखाली पेन्सिलीनं एक ओळ वाढवली. परण्याला निघताना पेटी उघडली की ती दिसते: रस्ता बंद असल्यास शाळेवरून, सोळा घरं जास्त, सावकाश या, आम्ही वाजवतोय.